सादळलेल्या सिगारला नापास करू नका: कोकणात छोटी सिगार पारखण्याची रीत

माझा आतेभाऊ बोटीवर असतो. ऑगस्टात सुट्टीवर येताना चार-सहा छोट्या सिगार आणतो, भावंडांत वाटतो आणि आठवड्याने एकेकाला विचारतो, "काय रे, कशी लागली?" उत्तरं ठरलेली असतात. "कडू." "ओढायलाच येईना." "चार वेळा विझली, पाचव्यांदा मीच फेकली." मग सिगार भिकार ठरते आणि आणणारा मूर्ख. त्याच डब्यातली एक उरलेली मी जानेवारीत एका भावाला दिली, तर म्हणाला, "ही दुसरी कंपनी दिसते, ही चांगली आहे."

कंपनी तीच, डबा तोच. ऑगस्टात त्याने सिगार ओढली नव्हती, कोकणातली हवा ओढली होती. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, तशीच सिगारही सादळते. सादळलेल्या सिगारबद्दल दिलेलं कुठलंही मत त्या सिगारबद्दलचं नसतं. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत. क्रम बदलू नका, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते: सुकवण्याआधी कापतात, जेवणावर लगेच पेटवतात आणि पहिल्या तीन झुरक्यांत निकाल लावतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निर्धोक, असं अजिबात नाही. तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो, आणि निकोटीनची सवयही लागते. जो ओढत नाही त्याने हा लेख वाचून सुरुवात करू नये. ज्याला अधूनमधून एखादी ओढायचीच आहे, त्याच्यासाठी हे लिहिलंय.

टप्पा 1: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

छोटी सिगार म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि दोघींची निगा उलटी असते.

पहिली युरोपीय पद्धतीची, यंत्रावर केलेली, पत्र्याच्या चपट्या डबीत येणारी. आत बारीक चिरलेला तंबाखू असतो. ती मुळात कोरडीच ओढायची असते. तिला ओलाव्याच्या डब्यात ठेवलंत तर फुगून बसते.

दुसरी हाताने वळलेली. आत अखंड लांब पानं, म्हणजे लाँग फिलर. त्याभोवती बांधणारं पान, म्हणजे बाइंडर. आणि सगळ्यात वर देखणा रॅपर. आपण पारखणार आहोत ती ही. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात आणि त्या आकड्याला रिंग गेज म्हणतात. 42 रिंग म्हणजे साधारण पावणेसतरा मिलिमीटर. लांबी 90 ते 130 मिलिमीटर आणि जाडी 40 ते 44 रिंग असली, की माझ्या हिशेबात ती छोटी. हाफ कोरोना 90 मिलिमीटरची, माँटेक्रिस्टो नंबर 5 ही 102 ची, पेटिट कोरोना 129 ची. हाफ कोरोना अर्ध्या तासाच्या आसपास चालते, पेटिट कोरोना पाऊण तासाच्या.

खोक्यावरची अक्षरं वाचा. क्युबन खोक्याच्या तळाशी "तोतालमेंते आ मानो" असं लिहिलेलं असतं, म्हणजे पूर्णपणे हाताने केलेली. सोबत "त्रिपा कोर्ता" असेल तर आतली पानं तुकड्यांची आहेत. ती वाईट असतेच असं नाही, पण तिच्याकडून लाँग फिलरसारख्या जळण्याची अपेक्षा धरून गुण कापू नका.

*तपासा:* भारतात रीतसर आयात झालेल्या खोक्यावर आपल्याकडचा चित्रासह आरोग्य-इशारा असतोच. तो नसलेला आणि किनाऱ्यावर कुणीतरी पिशवीतून काढून निम्म्या किमतीत देऊ केलेला "क्युबन" माल पारखायला बसण्यात अर्थ नाही. बनावट सिगारची चव घेऊन तुम्ही शिकणार काय?

टप्पा 2: सुकवणं, आणि इथे घाई नको

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे जमवा.

सिगार साठवायला 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता ठीक, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हे आकडे 18 ते 21 अंश तापमान धरून दिलेले असतात. आपल्याकडे माजघरातसुद्धा 28 अंश असतात, आणि जुलै-ऑगस्टात बाहेरची आर्द्रता नव्वदीच्या घरात. उबदार हवेत जास्त ओलावा म्हणजे बुरशी आणि किडीला आमंत्रण. म्हणून कोकणात मी 65 च्या वर जात नाही, आणि ओढण्याआधी छोट्या सिगारला 62 वर आणतो. बारीक सिगारमध्ये हवा जायला जागा मुळात कमी. पान ओलाव्याने फुगलं की ती वाट आणखी चिंचोळी होते. "ओढायलाच येईना" या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

साहित्य फार लागत नाही:

- रबरी कडेचा, घट्ट बसणारा डबा. स्टीलचा, काचेचा, प्लास्टिकचा, कुठलाही चालेल, पण त्यात आधी मसाला किंवा लोणचं ठेवलेलं नसावं.
- दोन्हीकडून काम करणारी ओलाव्याची पाकिटं, म्हणजे जास्त असेल तर शोषणारी आणि कमी असेल तर सोडणारी. बोव्हेडाची 62 आणि 65 ची मिळतात.
- एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक.
- जमलं तर 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा.

आधी मापक तपासा, कारण स्वस्त मापक पाच-सात टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि मापक एकाच झिप-पिशवीत बंद करून दिवसभर ठेवा. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर होते. मापक 71 दाखवत असेल तर तो 4 ने कमी दाखवतो. मागे चिकटपट्टी लावून त्यावर "+4" लिहून टाका. यासाठी दळलेलं साधं मीठ घ्या. आपल्या मिठागरावरचं जाडं मीठ भाजीला उत्तम, पण त्यात इतर क्षार असतात आणि त्यांनी आकडा खाली येतो. मी पहिल्यांदा खडेमीठच वापरलं आणि चांगल्या मापकाला महिनाभर शिव्या घातल्या.

आता सिगार डब्यात, 62 च्या पाकिटासोबत. डबा अर्ध्याहून जास्त भरू नका. साधी सिगार चार-पाच दिवसांत मुरते, पावसाळ्यात उघडी राहिलेली दोन आठवडेही घेते. वजनकाटा असेल तर रोज एकदा तोला. हाफ कोरोना पाच-सहा ग्रॅमची असते आणि फरक दशांश-शतांश ग्रॅमचा पडतो, म्हणून स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. दोन दिवस लागोपाठ वजन तेच आलं, की तयार.

*सावधान:* उन्हात वाळवणं, चुलीवरच्या माळ्यावर ठेवणं, पंख्याखाली पसरणं, तांदळाच्या डब्यात खुपसणं, सिलिका जेल टाकणं, हे सगळं करून झालेलं आहे. बाहेरचं पान झटकन आकसतं, आतलं ओलंच राहतं आणि रॅपर तडकतो. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात. तेसुद्धा ऐकू नका, पण तो वेगळा विषय.

*सावधान:* सिगार वास ओढून घेते. एका पावसाळ्यात मी डबा ठेवला फडताळात, खाली सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची बरणी. डब्याची रबरी कड एका बाजूने उठली होती हे पंधरा दिवसांनी कळलं. ती सिगार पेटवल्यावर घरातल्या मांजरानेही वर मान केली.

किडीचं थोडं. हळदीच्या किंवा धण्याच्या जुन्या डब्यात जो बारीक तपकिरी किडा निघतो, तोच तंबाखूलाही लागतो. पंचविशीपुढच्या तापमानात त्याची अंडी भराभर उबतात, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारा महिने. रॅपरला टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक आणि खाली भुकटी दिसली की समजा. बाकीच्या वाचवायच्या तर दुहेरी झिप-पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर तडकतात. मधे लाइट जाऊन फ्रीझर वितळला तर दिवस पहिल्यापासून मोजा. आणि फ्रीझरमध्ये बांगडे असतील तर पिशव्या दोनऐवजी तीन.

टप्पा 3: जागा आणि वेळ

समुद्रावर बसून सिगार ओढायचं चित्र सुंदर दिसतं. पारखायला ती सगळ्यात वाईट जागा. दुपारभर खारे वारे जोरात असतात. वाऱ्यात सिगार एका अंगाने जळते, तापते आणि तापलेली सिगार कडू होते. धुराचा वासही नाकापर्यंत पोचत नाही, म्हणजे अर्धी चव गेलीच.

मी पडवीत बसतो, भिंतीच्या आडोशाला. खारे वारे संध्याकाळी मंदावतात आणि रात्री उशिरा मतलई सुरू होतात. मधल्या पडलेल्या हवेत तास-दीड तास मिळतो. अडचण एकच, ती दिवेलागणीची वेळ. देवघरातला धूप, अंगणातली डासांची अगरबत्ती, शेजारच्या चुलीचा धूर, हे सगळं त्याच वेळी सुरू होतं. तेवढं सरू द्या, नाहीतर वहीत "चंदनाची झाक" लिहाल आणि ती उदबत्तीची निघेल. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर पडवीही नको, खळ्याच्या टोकाला जा.

पावसाळ्यात आणखी एक काळजी: डब्यातून काढली की लगेच पेटवा. पंधरा मिनिटं पाटावर ठेवून गप्पा मारलीत, तर चार दिवस सुकवलेला रॅपर पुन्हा ओलावा धरू लागतो.

टप्पा 4: जीभ तयार करा

उपाशीपोटी नको. निकोटीन रिकाम्या पोटी चढतं: गरगरतं, थंड घाम फुटतो, मळमळतं. भरल्या पोटीही लगेच नको. जेवून तासभर झालेला असावा.

काय जेवलात हेही महत्त्वाचं. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीनंतर जीभ मुंग्या आल्यासारखी होते; पुढचे दोन तास तिला काही विचारू नका. सोलकढीचा लसूण आणि आंबटपणा बराच वेळ मागे राहतो. पान, मिश्री, गुटखा खाणाऱ्याने तर त्या दिवशी पारखायला बसूच नये. मऊ भात किंवा पेज, घावणे, आंबोळी असलं साधं काही खाल्लेलं असावं. दात घासायचे तर अर्धा तास आधी. पेस्टचा पुदिना चिवट असतो.

सोबत साधं पाणी, फार तर बिनसाखरेचा कोरा चहा. कोकम सरबत, दारू, फेणी सगळं नंतर. जवळ गुळाचा खडा मात्र ठेवा. गरगरायला लागलं तर सिगार बाजूला ठेवायची, गूळ चघळायचा, पाणी प्यायचं आणि त्या दिवसापुरतं थांबायचं. "एवढी संपवतो" म्हणून पुढे ओढू नका.

टप्पा 5: न पेटवता बघा

उजेडात धरा. शिरा फार जाड आहेत का, रॅपरला तडा आहे का, कॅप, म्हणजे बंद टोकावरची टोपी, नीट बसली आहे का. हे पटकन उरकतं. रंगावरून मात्र काही ठरवू नका. काळपट रॅपर म्हणजे कडक सिगार हा समज चूक आहे. रॅपरचा रंग पानाच्या जातीवर आणि आंबवण्यावर ठरतो, कडकपणा आतल्या पानांच्या जुळणीवर.

पांढरं काही दिसलं तर थांबा. जुन्या सिगारवर स्फटिकांची "चांगली" पांढरी भुकटी येते असं विकणारे सांगतात. कापसासारखं, लवदार, हिरवट झाक असलेलं, पुसल्यावर डाग ठेवणारं काही असेल तर ती सरळ बुरशी आहे. आपल्या हवेत तर शंकेला जागाच नाही. फेका. पुसून ओढू नका.

मग चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. मऊ जागा म्हणजे आत भरण कमी, तिथे ती भसाभसा जळेल. टणक गाठ म्हणजे तिथे वाट अडलेली. दोन्ही जागा वहीत टिपा. पुढे ती सिगार तिथेच त्रास देते की नाही ते पाहायचंय.

शेवटी उघड्या टोकाचा वास घ्या. पेंढा, सुकं खोबरं, गोठा, ओली माती, काहीही येऊ द्या. नाक झोंबणारा, मुतारीसारखा अमोनियाचा दर्प आला तर पान अजून नीट मुरलेलं नाही. परत डब्यात, दोन-तीन महिन्यांनी बघू.

टप्पा 6: कापणं आणि कोरडा झुरका

बंद टोकावर जी गोल टोपी असते तिची कड रॅपरला गोंदाने बसवलेली असते. त्या कडेच्या वरच कापायचं. छोट्या सिगारला दीड मिलिमीटर पुरे. जाड सिगारच्या सवयीने तीन-चार मिलिमीटर उडवले की रॅपर साडीच्या निऱ्यांसारखा सुटत जातो. धारदार दोन पात्यांचा कटर घ्या आणि एका झटक्यात कापा. भोक पाडणारा पंच बारीक सिगारला टाळाच. छोट्याशा भोकात राळ साठते आणि शेवटी कडवट थेंब जिभेवर येतो. विळीवर किंवा दाताने कापणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता न पेटवता ओढा. शीतपेय स्ट्रॉने पिताना लागतो, साधारण तेवढा जोर लागला पाहिजे.

*तपासा:* हवा अजिबात अडत नसेल, तर ती भराभर जळेल, झुरके आणखी लांबवा. गाल आत जाईपर्यंत ओढावं लागत असेल तर पेटवू नका. अर्धा मिलिमीटर अजून कापून बघा. तरीही तसंच असेल तर परत 62 च्या डब्यात चार दिवस. कापलेली असली तरी बिघडत नाही. बहुतेक वेळा तेवढ्याने मोकळी होते. नाही झाली, तर तो वळणाऱ्याचा दोष. तेव्हा गुण कापा, बेलाशक.

टप्पा 7: पेटवणं

पेट्रोलचा लायटर नको आणि मेणबत्तीही नको. दोन्हींचा वास पहिल्या सेंटीमीटरभर बसून राहतो. गॅसचा लायटर उत्तम. काडी वापरायची तर लांब, आणि गुलाचा गंधक पूर्ण जळून लाकूड पेटल्यावरच. पावसाळ्यात काडेपेटीही सिगारच्याच सुक्या डब्याशेजारी ठेवा.

सिगार तोंडात न धरता, आडवी धरून, ज्योत टोकापासून बोटभर लांब ठेवा आणि फिरवत राहा. भाकरी शेकताना आपण ज्वाळेत घालत नाही, धगीवर धरतो, तसं. कड सगळीकडून काळपट होऊन मधे निखारा दिसू लागला की मग तोंडात घेऊन फिरवत दोन-तीन हलके झुरके. टोकाकडे हळूच फुंकून पाहा. निखारा सगळीकडे सारखा लाल हवा. एखादी बाजू काळी राहिली असेल तर तेवढ्याच जागी ज्योत दाखवा.

छोट्या सिगारला जेट लायटर, म्हणजे जोराच्या झोताच्या ज्योतीचा लायटर, मी वापरत नाही. तिचा पहिला अर्धा सेंटीमीटर तो करपवतो, आणि 90 मिलिमीटरमधला अर्धा सेंटीमीटर म्हणजे थोडाथोडका नाही.

टप्पा 8: ओढायची गती

सिगरेट किंवा बिडी ओढणाऱ्याचे हात इथे घात करतात. बिडी सारखी ओढत राहिली नाही तर विझते, म्हणून दर दहा सेकंदांनी झुरका घ्यायची सवय लागते. सिगारला मिनिटाला एक पुरे, आणि धूर तोंडातच. छातीत घेतलात तर चव कळत नाहीच, ठसका मात्र लागतो.

बारीक सिगार जाड सिगारपेक्षा लवकर तापते. झुरका छोटा घ्या, दोन सेकंदांचा. निखाऱ्यापासून दोन बोटं मागे हाताने चाचपा. तिथे गरम लागलं तर पुढचा झुरका दीड मिनिटाने. "मधेच कडू झाली" असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती स्वतः तापवलेली असते.

पहिले पाच झुरके वहीत लिहू नका. त्यात काडीची, करपलेल्या कडेची आणि तुमच्या उत्साहाची चव असते.

नाकातून धूर सोडणं शिका, कारण सुगंधाचं काम नाकाचं. तोंडातला बराचसा धूर बाहेर सोडा, उरलेला थोडा तोंड मिटून नाकाने हळूच सोडा, श्वास आत न घेता. गरम चहाचा घोट गिळून नाकाने उसासा टाकतो ना, तसा. झणझणलं तर प्रमाण कमी करा. एका सिगारमध्ये चार-पाच वेळा पुरे.

टप्पा 9: चव शब्दांत पकडणं

खोक्यावर लिहिलेलं असतं: चामडं, देवदार, कोको. मग आपण तेच शोधतो आणि तेच "सापडतं". खोका आधी वाचूच नका. जमलं तर सिगारवरची नावाची पट्टी दुसऱ्याला काढून द्यायला सांगा.

स्वतःचे वास वापरा. कोकणातल्या माणसाकडे वासांचा साठा कमी आहे का? माझ्या वहीत सापडणारे शब्द असे: भाजलेली काजूबी, सुकं खोबरं आणि त्याहून वेगळं खवट खोबरं, जायफळ, जायपत्री, ओली मिरी आणि सुकी मिरी, फणसाच्या लाकडाचा भुसा, खरपूस नाचणीची भाकरी, करपलेली भाकरी, पेंढ्याची उडवी, गोठा, पहिल्या पावसातली कातळावरची माती, कोरी कॉफी. "छान", "वेगळी", "मस्त" हे शब्द वहीत बंद. "जायफळ, पण दुधातलं" असं लिहिलं तर सहा महिन्यांनीही कळतं.

तीन गोष्टींची गल्लत सगळेच करतात. रश्शाचा तिखटपणा, त्याचा दाटपणा आणि त्याची चव या तीन वेगळ्या बाबी आहेत. सिगारमध्येही तसंच: निकोटीन किती चढलं हा कडकपणा, धूर तोंडात किती भरदार वाटला हा दाटपणा, आणि वास-चवी कोणत्या व किती ही तिसरी बाब. पातळ, पण चवदार सार असतं, तशी सौम्य सिगारही बहारदार असू शकते. "जोरात लागली" म्हणजे चांगली नव्हे.

मोठ्या सिगारचे तीन भाग पाडून टिपणं काढतात. छोट्या सिगारला मी दोनच पाडतो. 90 मिलिमीटरमधले ओढायचे 65, त्याचे तीन भाग म्हणजे भागाला दहाएक झुरके. एवढ्यात लिहायचं कधी आणि ओढायचं कधी? पूर्वार्ध, उत्तरार्ध आणि संपल्यावर दहा मिनिटांनी तोंडात काय राहिलं, एवढी तीन टिपणं बास.

टप्पा 10: मधेच बिघडली तर

एका अंगाने जळतेय: मागे पडलेल्या बाजूला हलकी ज्योत दाखवा. वाऱ्यामुळे असेल तर तुमचा दोष, आडोशाला असूनही दोनदा झालं तर तिचा.

आतून पोकळ जळतेय, रॅपर तसाच: जवळजवळ नेहमी रॅपर सादळलेला. टप्पा 2 पुन्हा वाचा.

विझली: लाजायचं कारण नाही. राख झाडा, सिगारमधून एकदा हलकेच बाहेर फुंका म्हणजे आत कोंडलेला शिळा धूर जाईल, मग पेटवा. तीन-चार मिनिटांत पेटवली तर चव फारशी बदलत नाही. उद्यासाठी मात्र ठेवू नका. विझलेली सिगार रात्रभरात उग्र होते, आणि आपल्या हवेत तर वर सादळते.

राख: चांगल्या लाँग फिलरची राख सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर टिकते. ती टिकवण्याची शर्यत लावू नका, लुंगीवर पडते. पांढरी राख म्हणजे उंची सिगार हाही गैरसमज. रंग बराचसा पानातल्या खनिजांवर असतो.

टप्पा 11: थांबणं, विझवणं, गुण

धूर गरम लागू लागला की थांबा, साधारण शेवटचे अडीच सेंटीमीटर ठेवून. पैसे वसूल करायला बोट भाजेपर्यंत ओढाल, तर शेवटच्या कडवटपणाने आधीचं टिपण पुसलं जातं.

सिगरेटसारखी चिरडू नका, वास दिवसभर राहतो. वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्या, आपोआप विझते. थोटूक बागेत भिरकावू नका. मार्च-एप्रिलमध्ये काजूखालचा पाचोळा ठिणगीची वाटच पाहत असतो.

गुण वीसपैकी देतो. ड्रॉला, म्हणजे ओढताना हवा किती मोकळी येते याला 4, जळण्याला 4, चवीला 6, पूर्वार्धापेक्षा उत्तरार्ध किती बदलला याला 3 आणि मागे राहणाऱ्या चवीला 3. शंभरापैकी 91 आणि 92 मधला फरक सांगणाऱ्याची जीभ माझ्यापेक्षा तयार असेल. मला वीसमधला एक गुण ठरवतानाच घाम फुटतो. गुणांशेजारी हे हवंच: तारीख, डब्यातला आकडा, किती दिवस सुकवली, आधी काय जेवलो, वारा होता का.

एका सिगारवर शेरा मारू नका. त्याच खोक्यातल्या तीन, आणि त्यातली एक पावसाळ्यातली, एक थंडीतली असावी. माझ्या वहीत एका हाफ कोरोनाची दोन टिपणं समोरासमोर आहेत. 14 ऑगस्ट: "सुकवली नाही, थेट खोक्यातून. ड्रॉ 1, जळणं 1, चव कडू, करपलेली भाकरी. एकूण 7." 9 जानेवारी: "62 वर आठ दिवस. ड्रॉ 4, जळणं 3. सुकं खोबरं, मग जायफळ, शेवटी कोरी कॉफी. एकूण 16." पहिल्या टिपणावर मी नंतर तांबड्या शाईने फुली मारली आणि बाजूला लिहिलं: "सिगार नापास नाही, परीक्षक नापास."